आरोग्य संशोधन विभाग आणि आयसीएमआर: प्रमुख एकच, कामं वेगळी

दिल्लीहून वैद्यकीय संशोधनाविषयी काहीही आलं की आपल्याकडे ते 'आयसीएमआरचं' ठरतं. संशोधन प्रकल्पाचं मंजुरीपत्र आयसीएमआरचं, एथिक्स कमिटीच्या, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र आयसीएमआरचं, सरोगसी कायद्याबद्दलचं परिपत्रकही आयसीएमआरचंच. यातलं पहिलं बहुतेक वेळा बरोबर असतं. उरलेली दोन कामं मात्र केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाची, म्हणजे डीएचआरची आहेत.

गल्लत होते याला सबळ कारण आहे. आरोग्य संशोधन विभागाचा सचिव आणि आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा महासंचालक ही दोन्ही पदं एकाच व्यक्तीकडे असतात. डॉ. व्ही. एम. कटोच, डॉ. सौम्या स्वामीनाथन, डॉ. बलराम भार्गव आणि त्यांच्यानंतरचे डॉ. राजीव बहल, या सगळ्यांनी ती एकत्रच सांभाळली. लेटरहेडवर दोन पदं आणि खाली एक सही असेल, तर वाचणाऱ्याने कोणतं पद धरायचं? हा फरक माहीत नसला की अर्ज भलत्याच दारी जातो, जाब भलत्यालाच विचारला जातो, आणि नुसता सल्ला असतो तो सरकारी आदेश समजून पाळला जातो. तिसरा परिणाम मला सर्वांत जास्त खटकतो.

वयाने परिषद कितीतरी मोठी. १९११ साली 'इंडियन रिसर्च फंड असोसिएशन' या नावाने ती सुरू झाली आणि १९४९ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. कायद्याच्या नजरेतून ती १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेली स्वायत्त संस्था आहे. महाराष्ट्रातल्या असंख्य शिक्षणसंस्था ज्या कायद्याखाली नोंदलेल्या आहेत, तोच हा कायदा. तिच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष केंद्रीय आरोग्यमंत्री असतात आणि पैसा मुख्यतः सरकारचाच असतो. पण संस्था ती संस्थाच. ती संशोधन करते, दुसऱ्यांच्या संशोधनाला पैसे देते आणि मार्गदर्शक तत्त्वं लिहिते. कायदा राबवणं, दंड करणं, परवाना देणं हे तिच्या घटनेत बसत नाही.

विभाग जन्मला २००७ मध्ये. सरकारचं कोणतं काम कोणत्या मंत्रालयाने करायचं हे ठरवणारे १९६१ चे कार्यवाटप नियम आहेत. त्यात त्या वर्षी सप्टेंबरमध्ये दुरुस्ती झाली आणि आरोग्य मंत्रालयात आरोग्य संशोधन विभाग निघाला. तोवर परिषद आरोग्य विभागाखाली होती, ती इकडे आली. शेतीत हीच रचना आधीपासून आहे: कृषी संशोधन आणि शिक्षण विभागाचा सचिव हाच भारतीय कृषी संशोधन परिषदेचा महासंचालक असतो. आरोग्यात तोच साचा वापरला गेला.

विभाग म्हणजे खुद्द सरकार. तिथली उतरंड मंत्रालयाची आहे: कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सहसचिव आणि वर सचिव. संसदेत प्रश्न आला की उत्तर विभागाच्या नावाने जातं. आकडे आणि शास्त्रीय मजकूर परिषदेकडून मागवला, तरी जबाबदारी विभागाची. मंत्रिमंडळापुढे जाणारी टिपणी विभाग तयार करतो, नियमांचं राजपत्र विभाग काढतो. केंद्रीय अर्थसंकल्पात या विभागाची अनुदानाची मागणी स्वतंत्र असते. २०२५-२६ साठी ती सुमारे ३,९०० कोटी रुपयांची होती आणि त्यातला बहुतांश पैसा परिषदेच्याच वाट्याचा होता. विभागाचं मनुष्यबळ परिषदेच्या तुलनेत अगदी लहान आहे.

परिषदेची उतरंड शास्त्रज्ञांची. शास्त्रज्ञ 'बी' पासून 'जी' पर्यंत श्रेणी, त्यावर महासंचालक. दिल्लीच्या अन्सारीनगरमध्ये मुख्यालय आणि देशभर पंचवीसहून अधिक संस्था. महाराष्ट्राचा वाटा यात मोठा आहे. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या साथीने 'व्हायरस रिसर्च सेंटर' म्हणून सुरू झाली. क्यासनूर जंगलातल्या माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये याच केंद्राने शोधला. मुंबईत परळला प्रजनन आणि बालआरोग्यावर काम करणारी संस्था आहे, केईएमच्या आवारात रक्तविकारांवरची आहे, पुण्यात भोसरीला एड्स संशोधनाची आहे. या संस्थांमधले शास्त्रज्ञ परिषदेचे कर्मचारी असतात, मंत्रालयाचे नव्हेत. प्रत्येक संस्थेची वैज्ञानिक सल्लागार समिती असते आणि वर्षभराच्या कामाचा हिशेब तिच्यापुढे मांडावा लागतो.

फरक खरा कळतो तो एखाद्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात. समजा, तिथे दोन कामं शेजारी शेजारी चालू आहेत. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिकेला आयसीएमआरचा एक्स्ट्राम्युरल, म्हणजे परिषदेबाहेरच्या संशोधकाला दिला जाणारा प्रकल्प मिळाला आहे, आणि त्याच इमारतीत एमआरयू आहे, म्हणजे बहुविद्याशाखीय संशोधन केंद्र. बाहेरून दोन्ही 'आयसीएमआरचं' दिसतं.

प्रकल्प प्राध्यापिकेचा असतो. तिने परिषदेच्या पोर्टलवर प्रस्ताव टाकला, विषयतज्ज्ञांनी तो तपासला, प्रकल्प समितीने प्रश्न विचारले, मग मंजुरीपत्र आलं. पैसे महाविद्यालयाच्या खात्यात जमा होतात, पण शास्त्रीय उत्तर द्यायचं तिने. वर्षअखेरीला खर्चाचं विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'यूसी' म्हणतात, ते गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. विज्ञानाची शंका असेल तर फोन परिषदेतल्या त्या विषयाच्या प्रोग्राम ऑफिसरला करायचा. तो स्वतः शास्त्रज्ञ असतो, नमुन्यांची संख्या का कमी करावी लागली हे त्याला समजावून सांगता येतं. मुदत संपली की प्रकल्पही संपतो आणि कंत्राटी सहायकांची नोकरीही.

एमआरयूचं तसं नाही. ती विभागाची योजना आहे. महाविद्यालयांत संशोधनाच्या सोयी उभ्या राहाव्यात म्हणून उपकरणं, जागेची डागडुजी आणि काही पदं यांना विभाग पैसा देतो. त्यासाठी विभाग, राज्य सरकार आणि महाविद्यालय यांच्यात करार होतो. ते केंद्र कोणा एका प्राध्यापकाचं नसतं, संस्थेचं असतं. कोणते विषय घ्यायचे याची छाननी आधी महाविद्यालयातली स्थानिक संशोधन सल्लागार समिती करते. एखादं उपकरण वर्षभर खोक्यातच पडून राहिलं, तर त्याचा जाब अधिष्ठात्यांना आणि नोडल अधिकाऱ्याला विभागाला द्यावा लागतो. इथे पत्रव्यवहार योजनेच्या मार्गदर्शक सूचनांना धरून चालतो. प्राध्यापक मंडळी इथेच अडखळतात, असं मला वाटतं. प्रकल्पातल्या अडचणीचं पत्र योजनेच्या कक्षाला गेलं की ते पडून राहतं, आणि योजनेच्या निधीबद्दल प्रोग्राम ऑफिसरला विचारलं तर त्याच्या हातात काही नसतं.

काही कामांत दोघं इतकी गुंतलेली आहेत की रेघ ओढणं अवघड जातं. डहाणूचं आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र हे विभागाच्या योजनेतलं, पण त्याचं पालकत्व परळच्या परिषदेच्या संस्थेकडे. विषाणू निदान प्रयोगशाळांचं जाळंही असंच. २०१३-१४ पासून विभागाच्या योजनेतून या व्हीआरडीएल उभ्या राहिल्या. त्यांना शिकवणं, तपासणीच्या पद्धती ठरवून देणं, त्यांची गुणवत्ता पाहणं यात परिषद आणि एनआयव्ही पुढे. ३० जानेवारी २०२० ला केरळमधल्या विद्यार्थिनीचा देशातला पहिला कोविड नमुना पुण्यात पॉझिटिव्ह ठरला. पुढच्या आठवड्यांत तपासण्या पुण्याबाहेर इतक्या वेगाने पसरू शकल्या, कारण हे जाळं सहा-सात वर्षं आधीच विणायला घेतलं होतं. त्या दिवसांचं श्रेय देताना एनआयव्हीचं नाव सगळे घेतात. ती प्रयोगशाळांची योजना नेटाने चालवणाऱ्यांचं नावही घ्यायला हवं.

आता सल्ला आणि कायदा. यात घोळ झाला की सामान्य माणसालाही फटका बसतो.

मानवी सहभागाच्या संशोधनासाठी परिषद नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढते. पहिलं निवेदन १९८० चं, सध्याची आवृत्ती २०१७ ची. एथिक्स कमिटीत कोण असावं, संमतीपत्रात काय असावं हे आपण तिथे वाचतो. पण २०१९ च्या नवीन औषधं आणि चिकित्सालयीन चाचण्यांच्या नियमांनी समित्यांची नोंदणी बंधनकारक केली, तेव्हा ते काम परिषदेकडे गेलं नाही. औषधचाचण्या तपासणाऱ्या समितीने केंद्रीय औषध नियंत्रकाकडे नोंदणी करायची. जैववैद्यकीय आणि आरोग्य संशोधन तपासणाऱ्या समितीने आरोग्य संशोधन विभागातल्या प्राधिकाऱ्याकडे. दुसऱ्या नोंदणीचं प्रमाणपत्र 'सीटी-०३' नमुन्यात मिळतं. एखाद्या महाविद्यालयात दोन्ही प्रकारचं संशोधन होत असेल तर नोंदण्याही दोन लागतात. एकच करून निर्धास्त राहणाऱ्या समित्यांनी हे तपासून घ्यावं. चाचणीची जाहीर नोंद, म्हणजे सीटीआरआय, हा आणखी वेगळा प्रकार. ते पोर्टल परिषदेची संस्था चालवते.

सरोगसीत तर हा प्रवास टप्प्याटप्प्याने दिसतो. २००५ मध्ये परिषदेने आयव्हीएफ केंद्रांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली. चांगली होती, पण ती मोडणाऱ्या केंद्राला त्यांच्या आधारे कुलूप लावता येत नव्हतं. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेने सरोगसीचा आणि सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा असे दोन कायदे केले. २५ जानेवारी २०२२ पासून ते लागू झाले, आणि केंद्र सरकारात त्यांची जबाबदारी आली आरोग्य संशोधन विभागाकडे. आयव्हीएफ आणि सरोगसी केंद्रांची राष्ट्रीय नोंदवहीही तिथेच. आता अशा केंद्रांची नोंदणी, तपासणी, कारवाई हे राज्यातल्या समुचित प्राधिकाऱ्याचं काम आहे. मूल व्हावं म्हणून धडपडणाऱ्या जोडप्याने तक्रार घेऊन आयसीएमआरकडे धाव घेतली, तर त्यांचा वेळ वाया जातो. त्यांच्याकडे तो नसतोच.

कोविडच्या तपासणीचा दर हेही असंच उदाहरण. मार्च २०२० मध्ये खासगी प्रयोगशाळांसाठी ४,५०० रुपयांची कमाल मर्यादा आयसीएमआरच्या शिफारशीतून आली. मे अखेरीला परिषदेने राज्यांना लिहिलं की दर आता तुम्हीच वाटाघाटी करून ठरवा. जूनमध्ये महाराष्ट्र सरकारने २,२०० आणि घरून नमुना घेतल्यास २,८०० रुपये असा आदेश काढला. लॅबवर बंधनकारक होता तो हा राज्याचा आदेश.

दोन पदं एका व्यक्तीकडे असण्याचा फायदा मला मान्य आहे. शास्त्रज्ञ थेट सचिव होतो. प्रयोगशाळेतली निकड त्याला दुसऱ्या कोणाच्या दालनाबाहेर ताटकळत समजावून द्यावी लागत नाही, आणि साथीत याची किंमत फार मोठी असते. पण २ जुलै २०२० चं पत्र आठवा. परिषद आणि भारत बायोटेक यांनी मिळून विकसित केलेल्या लशीच्या चाचण्यांसाठी निवडलेल्या बारा रुग्णालयांना महासंचालकांनी लिहिलं की सर्व चाचण्या पूर्ण करून १५ ऑगस्टपर्यंत लस लोकांसाठी आणण्याचा मानस आहे, आणि पालन न झाल्यास ते अत्यंत गांभीर्याने घेतलं जाईल. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला. अनावश्यक दिरंगाई टाळावी एवढाच हेतू होता, असा खुलासा परिषदेने नंतर केला.

त्या पत्रातली तारीख अशक्य होतीच. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वेगळा: हे कोण बोलत होतं? परिषद या लशीची भागीदार होती. निव्वळ विक्रीवर तिला पाच टक्के स्वामित्वधन मिळणार हे पुढे राज्यसभेत सांगण्यात आलं. भागीदाराने चाचणी-केंद्रांना घाई करावी, हे समजण्यासारखं आहे. पण तीच व्यक्ती भारत सरकारची सचिवही असेल, तर त्या घाईला सरकारी हुकमाचं वजन येतं. रुग्णालयाची एथिक्स कमिटी भागीदाराला नाही म्हणू शकते, सचिवाला नाही म्हणताना ती कचरते. अशा ठिकाणी तरी पदं वेगळी दिसायला हवीत. परिषदेचा हितसंबंध असलेल्या विषयातलं पत्र फक्त महासंचालक म्हणून जावं आणि तसं त्यात लिहिलेलं असावं. एवढं करायला कायदा बदलावा लागत नाही.

औषधाला किंवा लशीला परवानगी देणं मात्र दोघांचंही काम नाही. ते केंद्रीय औषध नियंत्रकाचं. गावोगावच्या साथींची रोजची नोंद ठेवणारी यंत्रणाही वेगळी, राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राची, आणि ते आरोग्य आणि कुटुंब कल्याण विभागाच्या बाजूला येतं.

माहिती अधिकारात अर्ज करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की विभाग आणि परिषद ही दोन स्वतंत्र सार्वजनिक प्राधिकरणं आहेत आणि दोघांचे जन माहिती अधिकारी वेगळे. एखाद्या प्रकल्पाला किती पैसे मिळाले, समितीने काय शेरा दिला, हे परिषदेला विचारा. एमआरयू किंवा व्हीआरडीएलचा निधी, एथिक्स कमिटीची नोंदणी, सरोगसी कायद्याची अंमलबजावणी हे विभागाला. अर्ज चुकीच्या ठिकाणी गेलाच, तर कलम ६(३) नुसार त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. उत्तराची तीस दिवसांची मुदत मात्र अर्ज तिथे पोहोचल्यापासून मोजली जाते, म्हणून पत्ता आधीच नीट लिहिलेला बरा.