फॉरमॅट मारण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा अधिकृत सपोर्ट संपला आणि घरोघरी टेबलाखाली धूळ खात पडलेल्या डबड्यांवर नवं काहीतरी चढवायची लाट आली. कोणी विंडोज ११ टाकलं, कोणी लिनक्स, कोणी भीतीपोटी नुसताच नवा अँटीव्हायरस. त्यातले काही संगणक दुसऱ्या दिवशी सुरूच झाले नाहीत. दुकानात नेला की निदान ठरलेलं: "व्हायरस आलाय, फॉरमॅट मारावा लागेल." सोसायटीचे हिशेब, टॅलीचा डेटा, मुलीच्या बारशाचे फोटो, सगळ्यावर पाणी सोडायचं.

या फॉरमॅटवर माझा जुना राग आहे. सुरू न होणाऱ्या संगणकातला डेटा बहुतेक वेळा जागच्या जागी, धडधाकट असतो. बिघडलेली असते ती त्याच्यापर्यंत पोहोचायची वाट. ती कुठे तुटली हे कळायला यंत्र नेमकं कुठे थांबतंय ते बघावं लागतं आणि त्यासाठी बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत आत काय घडतं ते थोडं माहीत हवं.

प्रोसेसरला एकच काम येतं: मेमरीतली सूचना उचलायची, पाळायची, पुढची उचलायची. पण नुकतीच वीज आलेली असताना रॅम कोरी असते. विंडोज असते डिस्कवर, आणि डिस्क वाचायला प्रोग्रॅम लागतो. मग पहिला प्रोग्रॅम कुठून आणायचा? चूल पेटवताना आपण ओंडक्याला काडी लावत नाही. आधी कागद, मग चिपाडं, मग लाकूड. इथेही तसंच आहे. आधी चिमुकला प्रोग्रॅम चालतो, तो आपल्याहून थोडा मोठा प्रोग्रॅम आणतो, तो त्याहून मोठा.

सगळ्यात पहिली ठिणगी मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये असते. ३८६ या जुन्या प्रोसेसरपासून पुढच्या इंटेलच्या घराण्यातले प्रोसेसर जागे होताच ४ जीबीच्या हद्दीच्या १६ बाइट अलीकडच्या पत्त्यावर बघतात. तिथे रॅम नसते, बायोसची, म्हणजे संगणक जागा करणाऱ्या त्या पहिल्या प्रोग्रॅमची, चिप जोडलेली असते. सोळा बाइटांत मावून मावणार काय? 'अमुक ठिकाणी जा' एवढी एक उडी. त्यानंतर बायोस रॅम चालू करतो, कीबोर्ड, पडदा, डिस्क यांची हजेरी घेतो. काही गडबड असली तर बीप वाजवतो. पडद्यावर अक्षरसुद्धा न उमटता नुसते बीप येत असतील, तर तुम्ही काल काय इन्स्टॉल केलंत याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. रॅमची पट्टी काढून, पुसून परत बसवा.

आता माझा लाडका भाग. जुन्या पद्धतीच्या बायोसला फाइल, फोल्डर, विंडोज यातलं काही कळत नाही. तो डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे मोजून ५१२ बाइट, उचलतो आणि रॅममध्ये ३१,७४४ क्रमांकाच्या पत्त्यावर आणून ठेवतो. हा आकडा १९८१च्या आयबीएम पीसीपासून चालत आलाय: त्या काळी ३२ केबी रॅम धरून चालत, त्यातला शेवटचा १ केबी या कामाला राखला. ३२,७६८ वजा १,०२४. आज ८ जीबी रॅमच्या यंत्रातही जुन्या पद्धतीने बूट केलं, म्हणजे यंत्र सुरू केलं, तर गाडी त्याच फलाटाला लागते.

या ५१२ बाइटांची वाटणी बघा. पहिले ४४६ प्रोग्रॅमला. पुढचे ६४ पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागांच्या, तक्त्याला: चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइटांची. शेवटचे दोन म्हणजे शिक्का, हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीत, ५५ आणि एए. बिटांमध्ये उलगडले तर ०१०१०१०१ आणि १०१०१०१०, एक आड एक. शिक्का नसेल तर बायोस सहसा 'ही डिस्क बूटची नाही' म्हणून पुढे जातो. तक्त्यातल्या प्रत्येक नोंदीचा पहिला बाइट ८० किंवा ०० असतो. ज्या पार्टिशनपुढे ८०, तिथून सुरुवात करायची. दोघांपुढे ८० लागलं की पडद्यावर 'इनव्हॅलिड पार्टिशन टेबल' येतं. हा संदेश विंडोजचा नव्हे, विंडोज अजून उठलेलीच नसते. 'एरर लोडिंग ऑपरेटिंग सिस्टिम' आणि 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम' ही त्याची दोन भावंडं. तिन्ही वाक्यं त्या ४४६ बाइटांतच कोंबलेली असतात आणि नुसती अक्षरं मोजली तरी ७७ बाइट खातात. उरलेल्या जागेत तक्ता वाचणं, पार्टिशन शोधणं, त्याचा पहिला सेक्टर आणणं, त्याचाही शिक्का तपासणं, एवढं सगळं बसवलंय. ज्याने हे लिहिलं त्याला माझा साष्टांग नमस्कार.

आणि घोळ होतो तो या सेक्टरच्या शेजारी. जुन्या डिस्कवर पहिलं पार्टिशन ६३ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू व्हायचं. सेक्टर शून्यापासून मोजतात, म्हणून मधले ६२ रिकामे राहायचे. रिकामी जागा दिसली की अतिक्रमण होतंच. ग्रबने, म्हणजे लिनक्सला उठवणाऱ्या प्रोग्रॅमने, आपला दुसरा टप्पा तिथे थाटला, कारण ४४६ बाइटांत त्याचं भागेना. काही महागड्या सॉफ्टवेअरची लायसन्स तपासणारी यंत्रणाही त्याच जागेत गुपचूप आपली खूण लिहायची, हेतू हा की फॉरमॅट मारून ट्रायलची मुदत वाढवता येऊ नये. परिणाम असा की विंडोजमध्ये एखादं डिझाइनचं पॅकेज टाकलं, रीस्टार्ट केलं आणि लिनक्सही गेलं, विंडोजही गेलं, पडद्यावर फक्त ग्रबची तक्रार. शेवटी ग्रब लिहिणाऱ्यांनी अशा घुसखोरांच्या खुणांची यादीच प्रोग्रॅममध्ये घातली: हा सेक्टर अमक्याने बळकावलाय, तो टाळतो. वर चुका दुरुस्त करणारं गणितही जोडलं, सीडीवर ओरखडा पडला तरी गाणं वाजतं त्यामागचं. आणि गंमत म्हणजे ६२ सेक्टर गुणिले ५१२ किती? ३१,७४४. वरचाच पत्ता! अर्थ काहीही नाही, निव्वळ योगायोग. पण आकड्यांत दैवी संकेत शोधणाऱ्यांना एवढं पुरे.

ही मोडतोड दुरुस्त करायला फॉरमॅट लागत नाही. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून बूट करून कमांड प्रॉम्प्टमध्ये 'बूटरेक' ही कमांड 'फिक्सएमबीआर' जोडून दिली (एमबीआर म्हणजे तोच पहिला सेक्टर) की ती त्यातला प्रोग्रॅमचा भाग नव्याने लिहिते आणि पार्टिशनच्या तक्त्याला हात लावत नाही. ग्रब मात्र त्यात जातो, लिनक्स असेल तर तो परत बसवावा लागतो. बायोसची जागा घेणाऱ्या नव्या यूईएफआय पद्धतीत हा सगळा खेळच बदललाय, तिथे फॅट३२ या साध्या मांडणीचं एक छोटं पार्टिशन असतं आणि त्यात बूटची फाइल सरळ फाइल म्हणून पडलेली असते. जास्त शहाणपणाचं, पण ५१२ बाइटांची मजा त्यात नाही.

विंडोजचा लोगो दिसला आणि मग यंत्र अडलं, तर पुढचा टप्पा संशयित. साधं सॉफ्टवेअर, म्हणजे टायपिंगचं, गाण्यांचं, हिशेबाचं, कितीही वाईट लिहिलेलं असलं तरी संगणकाचं बूट होणं सहसा अडवू शकत नाही. ते चालतं लॉगिननंतर. अडवू शकतात ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला यंत्राच्या भागांशी बोलायला लावणारे प्रोग्रॅम, कारण ते गाभ्यात, कर्नलच्या शेजारी बसून चालतात, आणि अँटीव्हायरस आपला ड्रायव्हर मुद्दाम अगदी पहिल्या पंगतीत बसवतो. १९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली आणि आपल्याकडे काही विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले गेले. कारण काय, तर नव्या फाइलला २१ मूल्यं अपेक्षित होती आणि ड्रायव्हरकडून मिळत होती २०. एकविसावं शोधायला तो मेमरीत हद्दीबाहेर गेला. उपाय? सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल उडवायची. फॉरमॅट नाही.

सेफ मोड म्हणजे विंडोज फक्त अत्यावश्यक ड्रायव्हर घेऊन उठते. त्यात शिरायचं जुनं एफ८ बटण विंडोज ८पासून मुळात बंद असतं, त्यामुळे लोक अडकतात. पण एक युक्ती आतच आहे: बूट सुरू करताना विंडोजचा लोडर एक खूण करून ठेवतो आणि लॉगिनचा पडदा येण्याआधी विंडोज ती पुसते. खूण पुसलेली नसली तर मागची खेप फसली. लागोपाठ दोनदा फसली की दुरुस्तीचा मेनू आपोआप उघडतो. म्हणून लोगो आल्यावर बटण दाबून धरून दोन-तीनदा बंद केलं की तो मिळतो. तिथून सेफ मोड, अपडेट काढणं, सिस्टिम रिस्टोअर सगळं करता येतं. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा.

काही वेळा मात्र वाट दुरुस्त करण्यासारखी नसते. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीला प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट नावाची सूचना लागते, एखाद्या संख्येत १ असलेले बिट किती ते मोजणारी. इंटेलने ती २००८च्या नेहालेम पिढीत आणली; त्याआधीच्या कोअर टू ड्युओला ती माहीतच नाही. यूट्यूबवरचे 'कुठल्याही पीसीवर विंडोज ११' छाप व्हिडिओ टीपीएम या सुरक्षा चिपची तपासणी चुकवायला शिकवतात. तपासणी चुकवता येते, प्रोसेसरला नवी सूचना शिकवता येत नाही. तिथे लिनक्स टाका, सुखी व्हाल. तशीच गोष्ट संगणक दुप्पट वेगवान करणाऱ्या 'ड्रायव्हर अपडेटर'ची: चालू असलेला ड्रायव्हर काढून न चालणारा बसवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

आणि कावळा बसायला, फांदी मोडायला. जुन्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी दिसणारी सीआर२०३२ बॅटरी असते, ३ व्होल्टची. प्लग चालू असेपर्यंत तिची गरज भासत नाही. पण नवं सॉफ्टवेअर टाकून झाल्यावर रात्री कोणीतरी भिंतीवरच्या प्लगचं बटण बंद करतं, दमलेली बॅटरी साथ सोडते आणि बायोसच्या सेटिंग मूळपदावर येतात. सकाळी तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली, डिस्कचा साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय या नव्या पद्धतीवरून आयडीई या जुन्या पद्धतीवर घसरलेला. विंडोजने तयारी ठेवलेली असते एका ड्रायव्हरची, समोर दिसतो दुसरा. निळ्या पडद्यावर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. बोल मात्र सॉफ्टवेअरला लागतो, नाहीतर दसऱ्याला पूजा चुकली म्हणून. कॅबिनेटला हळदकुंकू लावायला माझी ना नाही, फक्त अक्षता कीबोर्डात आणि फुलं पंख्याच्या जाळीवर नकोत.

बॅटरी बदलताना प्लग काढून ठेवा आणि + खूण वर येईल अशीच बसवा. मग सेटअपमध्ये जाऊन नुसती तारीख नीट करून बाहेर पडू नका. साटा मोड आणि बूटचा क्रम हेही बघा, आणि विंडोज ज्या पद्धतीने टाकलं होतं, लेगसी (म्हणजे जुनी) किंवा यूईएफआय, तीच निवडून सेव्ह करा.