कडब्याला पाल्याची जोड

वैशाखात माण, जत, सांगोल्याच्या माळावर गवताची काडी शिल्लक नसते. बाभूळ मात्र तेव्हाही हिरवी असते, कारण तिची मुळं गवताच्या कितीतरी खाली पोचलेली असतात. शेंगाही तिच्या ऐन उन्हाळ्यातच पिकून गळतात. धनगर आकडीनं फांदी ओढून मेंढरांना पाला पाडतो, तेव्हा ‘काहीच नाही म्हणून पाला’ असं बघणाऱ्याला वाटतं. तसं ते नाही.

मेंढी कडबा स्वतः पचवत नाही. तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले सूक्ष्मजंतू तो फोडतात, आणि वाढायला त्यांना नत्र लागतं, ते चाऱ्यातल्या प्रथिनांतून मिळतं. ज्वारीच्या कडब्यात प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के. चाऱ्यातलं हे प्रमाण साधारण ७ टक्क्यांखाली गेलं की जंतू मंदावतात, कडबा पोटात नुसता पडून राहतो आणि मेंढी पुढचा घास घेत नाही. पोट भरलेलं दिसतं, जनावर खंगत जातं. बाभळीच्या पाल्यात नि शेंगांत प्रथिनं १२ ते १५ टक्क्यांच्या आसपास असतात. कडब्याबरोबर थोडा पाला मिळाला की जंतू वाढतात, कडबा लवकर पचतो आणि मेंढी तोच कडबा जास्त खाते. म्हणून पाल्याचं मोल वजनावर करू नये.

बाभळीत टॅनिन हे तुरट द्रव्यही भरपूर. तिच्या सालीनं कातडी कमावतात ती याच गुणामुळे. टॅनिन प्रथिनाला घट्ट धरून ठेवतं. पहिल्या कप्प्यात आम्लता कमी, तिथे ही पकड टिकते. चौथ्या कप्प्यातल्या तीव्र आम्लात ती सुटते आणि प्रथिन थेट मेंढीच्या कामी येतं. रक्त पिणाऱ्या हिमॉन्कस जंतालाही काही टॅनिनं जाचक ठरतात. पण प्रमाण वाढलं की हेच टॅनिन पचन अडवतं, मेंढी तोंड फिरवते. नुसत्या बाभळीवर खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, कधीच पोसू नये. शेंगा भरडून द्याव्यात, नाहीतर टणक बिया बऱ्याचशा न पचता लेंडीतून बाहेर पडतात.

महारुखाचा पाला याहून सरस. राजस्थानात त्याला अरडू म्हणतात आणि तिथले मेंढपाळ तो मुद्दाम राखतात. आपल्याकडे हे झाड दुर्लक्षित राहिलं याची मला खंत वाटते. हिवराच्या झाडाबाबत मात्र जपावं. त्याच्या कोवळ्या पाल्यातून सायनाइड सुटू शकतं, तेव्हा उपाशी मेंढरं त्यावर सोडू नयेत.

बाहेरून आलेल्या झाडांचा अनुभव संमिश्र आहे. सुबाभळीत प्रथिनं भरपूर, पण त्यातल्या मिमोसिन या विषारी द्रव्यानं मेंढीची लोकर गळते. वेड्या बाभळीच्या गोड शेंगा मेंढरं आवडीनं खातात, पाल्याला तोंड लावत नाहीत, आणि लेंडीतून तिचं बी माळभर पसरतं.

पाला काढताना शेंडा राखावा. सगळं झाड ओरबाडलं तर पुढच्या वर्षी ना पाला, ना शेंगा. नव्या लागवडीसाठी बी विकत घ्यायचीही गरज नाही. शेळ्यामेंढ्यांच्या पोटातून गेलेल्या बाभळीच्या बियांचं कवच नरम पडलेलं असतं, त्या लवकर रुजतात. मेंढरं बसवलेल्या रानातून त्या वेचून पावसाच्या तोंडावर बांधाला टोकाव्यात. पाचसात वर्षांत झाड शेंगांवर येतं.