सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठरणारी शर्यत

१९५३ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच गावात एक छोटी शर्यत झाली. डॉन मर्फी हे गृहस्थ नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या विमान कंपनीत नोकरीला होते आणि कब स्काऊटच्या, म्हणजे लहान मुलांच्या स्काऊट शाखेच्या, स्थानिक पथकाचं कामही पाहत होते. त्या काळी मुलं स्वतः बनवलेल्या, आत बसून चालवायच्या गाड्या उतारावरून सोडत आणि त्यांच्या मोठ्या स्पर्धा भरत. मर्फींच्या मुलाचं वय त्यात उतरण्याइतकं नव्हतं. तेव्हा त्यांनी हाच खेळ हातात मावेल एवढा केला. पाइनच्या लाकडाचा एक ठोकळा, चार चाकं, आस म्हणून खिळे आणि गाड्या सोडायला उतरती लाकडी पट्टी, एवढंच सामान. कोण पहिलं आलं हे ओळखण्यासाठी शेवटच्या रेषेवर दारावरच्या घंटीचे भाग वापरून बॅटरीवर चालणारी सोय केली होती. पाइनवुड डर्बी या नावाने हा खेळ पुढे अमेरिकाभर पसरला, आणि माझ्या मते शाळकरी वयात यंत्रशास्त्र शिकण्याचा याहून चांगला रस्ता क्वचितच सापडेल.

गाडीला इंजिन नाही, बॅटरी नाही, हाताने ढकलायचंही नाही. वजनाची मर्यादा साधारणपणे ५ औंस, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅम. सुरुवात जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर होते. उतार संपल्यावर लांब सपाट पट्टा लागतो. गाडी १.२ मीटर खाली आली असं धरलं तर तिच्या वाट्याला आलेली स्थितिज ऊर्जा जेमतेम १.७ ज्यूल भरते. घर्षण मुळीच नसतं तर तिचा वेग सेकंदाला ४.८ मीटरच्या पलीकडे जाऊ शकला नसता. म्हणजे सगळ्यांना ऊर्जा जवळपास सारखीच मिळते; कोण ती कमी वाया घालवतो, यावर शर्यत ठरते.

इथे एक प्रश्न हमखास पडतो. जड आणि हलक्या वस्तू सारख्याच वेगाने खाली येतात, मग प्रत्येक जण गाडीत शिसं किंवा टंगस्टन भरून मर्यादेच्या अगदी टोकापर्यंत का जातो? आसावरचं घर्षण वजनाबरोबर वाढतं, त्यामुळे तिथे जड गाडीचा काही फायदा नाही. हवेचा विरोध मात्र गाडीच्या आकारावर आणि वेगावर अवलंबून असतो, वजनावर नाही. चाकं फिरवायला लागणारी ऊर्जाही चाकांच्या वजनानुसार ठरते. गाडी जड असेल तर एकूण ऊर्जेतला हा वाटा लहान होतो. चाकं हलकी आणि बाकी गाडी जड ठेवतात, ती याचसाठी.

वजन कुठे ठेवायचं, हा त्याहून मजेदार भाग आहे. सुरुवातीला सगळ्या गाड्यांची नाकं एका रेषेत असतात, पण मागची बाजू उतारावर उंच असते. समजा उतार ३० अंशांचा आहे आणि तुम्ही गुरुत्वमध्य २ सेंटीमीटर मागे सरकवला. तो १ सेंटीमीटर वर गेला. ऊर्जा सुमारे ०.८ टक्के वाढली, वेग ०.४ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ९ मीटरच्या सपाट पट्ट्यावर गाडी यामुळे जवळजवळ ४ सेंटीमीटर पुढे निघते. फार मागे नेलात तर पुढची चाकं हलकी होऊन गाडी डुगडुगते, कडेला घासते आणि कमावलेलं सगळं घालवते.

वंगण म्हणून ग्रॅफाइटची पूड वापरतात. कार्बनचे पातळ थर एकमेकांवरून घसरतात, हे आपण शाळेत शिकतो. त्या घसरण्याला हवेतल्या बाष्पाची मदत लागते, हे सहसा सांगितलं जात नाही. दुसऱ्या महायुद्धात खूप उंचावरून उडणाऱ्या विमानांच्या जनित्रांतले कार्बनचे ब्रश (फिरत्या भागाला टेकून वीज वाहून नेणारे तुकडे) भराभर झिजू लागले, तेव्हा ही गोष्ट ठळकपणे पुढे आली. पूड ताजी असताना आणि चाकं काही वेळा धावून झाल्यावर गाडीचा वेळ एकसारखा येत नाही.

आणि इथूनच खरा कठीण भाग सुरू होतो: मोजणं. साधारण १३ मीटरची धाव तीनेक सेकंदांत संपते. स्टॉपवॉचचं बटण दाबणाऱ्या हाताची चूक सहज सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी होते, आणि दोन चांगल्या गाड्यांमधला फरक त्याच्या कितीतरी पट लहान असतो. त्यामुळे सुरुवातीच्या फाटकाला स्विच आणि शेवटी अवरक्त किरण अडवला गेला की थांबणारं घड्याळ लागतं.

पण चांगलं घड्याळ असलं तरी काम संपत नाही. समजा पहिल्या गाडीचा सरासरी वेळ ३.०५२ सेकंद आहे, दुसरीचा ३.०५६, आणि दोघींचे वेळ धावेगणिक ०.००६ सेकंदांच्या प्रमाणित विचलनाने मागेपुढे होतात (म्हणजे वेळ सरासरीपासून साधारण एवढा इकडेतिकडे पडतो). एकाच धावेत पाहिलं तर हळू गाडी तीनातून सुमारे एकदा जिंकेल. एका शर्यतीवरून ‘ही वेगवान’ म्हणणं म्हणूनच चुकीचं. दोघींना १६-१६ वेळा सोडलं तर सरासरीच्या फरकातली अनिश्चितता सुमारे ०.००२ सेकंदांवर येते, आणि मग ०.००४ च्या फरकावर थोडा भरवसा ठेवता येतो.

धावांचा क्रमही जपावा लागतो. आधी एकीच्या सगळ्या धावा आणि मग दुसरीच्या, असं केलं तर ग्रॅफाइट कमी झाल्याचा परिणाम दुसऱ्या गाडीच्या माथी बसतो. पहिली, दुसरी, दुसरी, पहिली, असा क्रम ठेवला तर तो दोघींत वाटला जातो. मार्गिकाही सारख्या नसतात. एखाद्या सांध्याचा बारीक उंचवटा गाडीला दर वेळी झटका देतो. नीट आखलेल्या स्पर्धेत प्रत्येक गाडी प्रत्येक मार्गिकेवर धावते आणि वेळांची बेरीज किंवा सरासरी धरतात. हरला की बाहेर, या पद्धतीत एका वाईट मार्गिकेमुळे मुलाची कितीतरी दिवसांची मेहनत वाया जाऊ शकते. मला ती पद्धत अन्यायाची वाटते.

घरी करून पाहायचं असेल तर मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा पुरतो. सेकंदाला २४० चित्रं म्हणजे दर चित्रामागे सुमारे ०.००४ सेकंद, तेवढ्यात गाडी जवळपास २ सेंटीमीटर पुढे जाते. सपाट पट्ट्यावर दर अर्ध्या मीटरला खूण करा आणि पहिल्या व शेवटच्या मीटरमधला वेग वेगवेगळा काढा. सपाटावर गुरुत्वाकर्षण काही देत नाही, म्हणून या दोन वेगांच्या वर्गांतला फरक थेट घर्षण आणि हवेने खाल्लेली ऊर्जा दाखवतो. चाक घासून घ्या, पुन्हा मोजा. आस घासून गुळगुळीत करा, पुन्हा मोजा. एका वेळी एकच बदल करा.