डीआरव्हीव्हीटी किट: लॉट बदलला की सेकंद का बदलतात?

लुपस अँटिकोॲग्युलंट ही चाचणीत रक्त गोठण्याची वेळ लांबवणारी अँटिबॉडी. तिच्या तपासणीसाठी आपण आमच्याकडून जे डीआरव्हीव्हीटी (पातळ केलेल्या घोणस-विषाने प्लाझ्मा किती सेकंदांत गोठतो ते मोजणारी चाचणी) किट नेता, त्यातला मुख्य घटक घोणसाच्या विषातून येतो. नवा लॉट (एका खेपेत बनलेली किटे) उघडल्यावर नॉर्मल प्लाझ्माची वेळ थोडी सरकली, तर किट बिघडले असे लगेच समजू नका.

या विषातले आरव्हीव्ही-एक्स हे एन्झाइम कॅल्शियमच्या साथीने फॅक्टर टेनला (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी एकाला) थेट चालू करते. त्यामुळे फॅक्टर सात, आठ, नऊ, अकरा किंवा बारा कमी असला तरी या चाचणीत फरक पडत नाही. मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी 1934 साली हिमोफिलियाच्या रुग्णांचा रक्तस्राव थांबवायला हेच विष वापरले होते.

हे एन्झाइम सापाकडे आले कुठून? एडीएएम कुळातली मेटॅलोप्रोटीनेज (धातूच्या अणूच्या मदतीने इतर प्रथिने तोडणारी) प्रथिने आपल्याही शरीरात आहेत. सापाच्या पूर्वजांत अशा एका जनुकाची जादा प्रत तयार झाली. मूळ प्रत नेहमीचे काम सांभाळत राहिली, जादा प्रत बदलायला मोकळी झाली आणि विषग्रंथीत कामाला लागली. पुढे तिच्याही प्रती होत गेल्या. काहींचे भाग गळून आखूड एन्झाइमे बनली. आरव्हीव्ही-एक्स मात्र पूर्ण लांबीचे राहिले, शिवाय त्याला लेक्टिनसारख्या (साखरेला चिकटणाऱ्या प्रथिनांसारख्या) दोन साखळ्या जोडल्या गेल्या, त्याही अगदी वेगळ्या जनुककुळातून आलेल्या. विषाच्या उत्क्रांतीतली ही जोडणी आम्हाला सर्वांत विलक्षण वाटते.

विषाची जनुके बदलतातही झपाट्याने. जपानच्या हाबू सापाच्या फॉस्फोलायपेज ए2 (विषातले आणखी एक एन्झाइम) जनुकांत प्रथिन ठरवणारे भाग मधल्या इंट्रॉनपेक्षा (प्रथिन न ठरवणाऱ्या भागांपेक्षा) वेगाने बदललेले सापडले. एरवी नेमके उलटे असते. भक्ष्य, वय, प्रदेश यांनुसार विषातल्या प्रथिनांचे प्रमाण वेगळे पडते. पुण्याजवळच्या उसातली घोणस आणि तमिळनाडूतली घोणस यांचे विष तंतोतंत एक असेल असे धरता येत नाही. त्यात घोणसाच्या विषात फॉस्फोलायपेज ए2 भरपूर असते आणि ते फॉस्फोलिपिड (पेशींच्या आवरणातला स्निग्ध पदार्थ) तोडते. आपली चाचणी तर फॉस्फोलिपिडच्याच जोरावर चालते, म्हणून शुद्धीकरणातला किरकोळ फरकही सेकंदांत उमटतो.

तेव्हा जुन्या लॉटची सरासरी नव्या लॉटला लावू नका. किमान 20 निरोगी व्यक्तींचे प्लाझ्मा दोन्ही लॉटवर एकाच दिवशी चालवा, स्क्रीन (कमी फॉस्फोलिपिडची चाचणी) आणि कन्फर्म (जास्त फॉस्फोलिपिडची चाचणी) यांची सरासरी वेगवेगळी काढा. रुग्णाच्या स्क्रीनला नॉर्मल स्क्रीनने भागा, कन्फर्मला नॉर्मल कन्फर्मने, आणि पहिल्या भागाकाराला दुसऱ्याने भागा.

खरी गडबड बहुतेकदा नमुन्यात असते. निळ्या झाकणाच्या 3.2 टक्के सायट्रेट (रक्त गोठू न देणारे द्रव्य) ट्यूबमध्ये 0.3 मिली सायट्रेटला बरोबर 2.7 मिली रक्त हवे. हिमॅटोक्रिट (रक्तातले लाल पेशींचे प्रमाण) 55 टक्क्यांच्या वर असेल तर सायट्रेट कमी करावे लागते. शिरूर, मंचरकडून येणारा नमुना बर्फात ठेवू नका, पण एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीतही नको. 18 ते 25 अंशांत आणून चार तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा करा. सेंट्रिफ्यूजमध्ये 1500 जी-वर (गुरुत्वाकर्षणाच्या 1500 पट जोराने) 15 मिनिटे फिरवा, खालचा थर न हलवता वरचा प्लाझ्मा प्लॅस्टिक ट्यूबमध्ये घ्या आणि पुन्हा तेवढेच फिरवा. प्लेटलेट मायक्रोलिटरला 10,000 पेक्षा कमी उरल्या पाहिजेत. जास्त उरल्या तर गोठवताना त्या फुटतात, त्यांचे फॉस्फोलिपिड अँटिबॉडीला अडकवते, स्क्रीनची वेळ घटते आणि पॉझिटिव्ह रुग्ण निगेटिव्ह ठरतो. गोठवलेला नमुना 37 अंशांच्या पाण्यात पाच मिनिटे ठेवून हळुवार उलटसुलट करा.

औषधे विचारल्याशिवाय रक्त घेऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या औषधांपैकी रिव्हारोक्सॅबॅनने खोटा पॉझिटिव्ह येतो, वॉरफरिननेही वेळ लांबते. त्याच प्रकारचे हेपॅरिन निष्प्रभ करणारा घटक किटमध्ये आहे, पण त्याची मर्यादा माहितीपत्रिकेवर छापली आहे, तिच्या पुढे तो चालत नाही. पॉझिटिव्ह आलेल्या रुग्णाची चाचणी किमान 12 आठवड्यांनी पुन्हा करायची असते. तोवर लॉट बदलला असेल, तर दोन्ही रिपोर्टवर लॉट क्रमांक लिहा.