मुलगा व्यसनात, नातू आजी-आजोबांकडे: बालसंगोपनाचा अर्ज कसा कराल?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या गावांत असं एखादं घर सापडतंच. पोऱ्या दारूत, सून माहेरी निघून गेलेली आणि नातवाचा डबा, दप्तर, दवाखाना सगळं म्हातारा-म्हातारीच्या गळ्यात. बाप जिवंत असताना मदत कुठली मिळणार, असं समजून कितीतरी आजी-आजोबा अर्जच करत नाहीत. हा गैरसमज आधी काढून टाका.

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना फक्त अनाथ मुलांची नाही. एकच पालक असलेली, आईवडील विभक्त झालेली, पालक गंभीर आजारी किंवा तुरुंगात असलेली, घरातल्या तीव्र बेबनावात दुर्लक्षित राहिलेली 18 वर्षांखालची मुलं तिच्यात बसू शकतात. 2023 पासून मुलामागे दरमहा 2,250 रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात द्यायचा; मंजुरी बाल कल्याण समिती देते. एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

अर्जात ‘मुलगा दारू पितो’ एवढं लिहून भागत नाही. नातू कधीपासून तुमच्याकडे आहे, आई कुठे आहे, फी आणि औषधपाणी कोण करतं, बाप घरात काय देतो, हे तारखा-महिन्यांसह लिहा. पोलिसांत तक्रार झाली असेल किंवा मुलगा व्यसनमुक्ती केंद्रात राहिला असेल, तर ते कागद जोडा. त्यासोबत नातवाचा जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, नातवाचं आणि तुमचं आधारकार्ड, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक आणि घरासमोर नातवासोबत काढलेला फोटो. आईवडिलांपैकी कोणी वारलं असेल तर मृत्यूचा दाखला.

नंतर गृहभेट होते, म्हणजे चौकशीला माणसं घरी येतात, आणि खरं वजन तिलाच असतं. पोरगं अभ्यासाला कुठे बसतं, बाप पिऊन आला की कुठे झोपतं, असं विचारतील. बहुतेक आजी इथेच मुलाची अब्रू सांभाळायला जातात आणि ‘सगळं ठीक आहे’ म्हणून टाकतात. मग अहवालातही तेच उतरतं. बाईमाणसाचं मन मला कळतं, पण त्या दिवशी नातवाकडे बघून बोला. कापूस वेचणीचे दिवस असतील तर घरी कधी भेटाल ते आधीच कळवून ठेवा.

बाप भांडून नातवाला ओढून नेईल अशी भीती असेल, तर पालकत्वासाठी 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. त्यात आईवडिलांना नोटीस जाते, वेळही लागतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा.

मुलाचा प्रश्न या अर्जात मिसळू नका. व्यसनमुक्तीसाठी 14446 वर फोन करा. तो तुम्हालाच छळत असेल, खर्चाला देत नसेल, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांत कार्यालयात वेगळा अर्ज द्या. त्याला वकिलाची गरज नाही. नातवावर हात उचलत असेल, तर कागद जमवत बसू नका, लगेच मुलांसाठीची हेल्पलाइन 1098 लावा.