सुकट म्हणजे कोळंबीची पिल्लं नाहीत हो!

जळगाव-भुसावळच्या आठवडे बाजारात बोंबलाच्या ढिगाशेजारी सुकट असते, ती आपल्याला कोणी सांगायला नको, भाजली, कांदा-मिरची टाकली की कळण्याच्या भाकरीबरोबर फस्त. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा, सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. विषय संपला. पण तो व्हॉट्सॲपचा मेसेज काही संपत नाही, सुकट खाऊ नका, ती कोळंबीची बाळं आहेत, राहू दिली तर बोटभर झाली असती. नसती झाली!

जवळा मुळात वेगळा प्राणी, शास्त्रीय नाव ॲसेटिस इंडिकस. २-३ सेंटिमीटरचा दिसतो तो पूर्ण वाढलेला, अंडी घालायच्या वयाचा असतो. मादी जास्तीत जास्त ४ सेंटिमीटरच्या आसपास. वर्षभर थांबलात तर तो मोठा होणार नाही, मरेल, नाहीतर बोंबील खाईल (शेजारच्या ढिगातला बोंबील समुद्रात हाच खात फिरत होता). अख्खं आयुष्य किनाऱ्याजवळच्या पाण्यात.

कोळंबीचं गणित उलटं आहे आणि घोळ इथंच होतो. टायगर कोळंबीची मादी समुद्रात लाखो अंडी सोडते, पिल्लं पाण्यात तरंगत, कात टाकत दोन-तीन आठवड्यांत सेंटिमीटरभर होतात आणि भरतीबरोबर खाडीत शिरतात, तिथं तिवरांच्या मुळांत काही महिने खाऊन-पिऊन वाढतात आणि मग अंडी घालायला परत समुद्रात जातात. पावसाळ्यात नदीचा लोंढा आला, खाडीचं पाणी गोडं झालं की पुष्कळ जातींची पोरं बाहेर ढकलली जातात. सगळ्याच जाती असं करत नाहीत, काही जन्मभर समुद्रातच असतात, पण टायगरसारख्यांचं बालपण खाडीतच जातं. तिथं बारीक आसाची (छिद्रांची) जाळी लावून खरंच पिल्लं मारली जातात, ओरडायचं तर त्यावर ओरडा ना भो, सुकटवालीवर कशाला?

आणि हॉटेलातली वनामी कोळंबी यात ओढू नका, ती तळ्यात वाढवलेली वेगळी जात, मूळची मेक्सिको ते पेरूच्या पॅसिफिक किनाऱ्याची.

तरी शंका असेल तर चिमूटभर सुकट कोमट पाण्यात भिजवून स्टीलच्या ताटलीत पसरा, मोबाईलचा टॉर्च मारा. कोळंबीच्या पिल्लाला दोन डोळ्यांच्या मधून पुढं आलेलं करवतीसारखं दातेरी टोक असतं, जवळ्याला तिथं नावापुरतं टोक. पाय मोजत बसू नका, कोळंबीला चालायच्या पायांच्या ५ जोड्या आणि जवळ्याला ३ हे खरं, पण वाळवताना निम्मे तुटलेले असतात. एखादं दातेरी टोकाचं निघेलही, ते जाळ्यात सोबत आलेलं.