शाळोशाळी फिरणारा कलावर्ग : पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या शाळांत चित्रकला आली ती इंग्रजी अमदानीत. 1857 मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली, पुढे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा रुजल्या आणि माध्यमिक शाळेत चित्रकलेचा शिक्षक ही नेहमीची गोष्ट झाली. प्राथमिक शाळेत मात्र चित्रकलेचा तास वर्गशिक्षकाच्या आवडीवरच राहिला. फिरत्या कलावर्गाची, म्हणजे शाळोशाळी जाऊन कला शिकवणाऱ्या पथकाची, गरज या दरीतून निर्माण झाली आणि ती बुजवायची संधी 2009 साली हुकली.

त्या वर्षीच्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची, म्हणजे अर्धवेळ शिकवणाऱ्याची, तरतूद आहे. पण ती फक्त सहावी ते आठवीसाठी, आणि तीही या वर्गांचा पट 100 च्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीसाठी कलेच्या निदेशकाचा उल्लेखच नाही. म्हणजे हाताला वळण लागायचे वय सुटले आणि लहान शाळाही सुटली. या अटीत दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. 100 चा पट संपूर्ण शाळेचा धरायचा नसतो. पहिली ते आठवीची 180 मुले असलेल्या शाळेत वरच्या तीन वर्गांत 70 च असतील तर निदेशक मिळत नाही. दुसरे, पट दरवर्षी हलतो. यंदा 104 आणि पुढच्या वर्षी 97 झाला की पदाचा आधारच जातो. नेमणूक, मानधन आणि सेवेची शाश्वती यांवरचे वाद पुढे न्यायालयापर्यंत गेले, ते याच भुसभुशीत पायामुळे. खर्च आवरण्यासाठी मर्यादा हवी होती, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण चार-पाच लहान शाळांना मिळून एक निदेशक देता आला असता. फिरते पथक प्रत्यक्षात हेच काम करते, फक्त हक्काने नव्हे, उपक्रम म्हणून.

त्याआधी, 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला हा सक्तीचा विषय असावा असे म्हटले होते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला इतर विषयांत मिसळण्यावर भर दिला आणि सहावी ते आठवीसाठी दप्तराविना 10 दिवस सुचवले. त्यामुळे पथकांना मागणी वाढली, पण एकाच दिवसापुरती. शिवाय ग्रेड परीक्षेचे वाढीव गुण दहावीच्या निकालात धरले जात असल्याने माध्यमिक शाळा पथकाकडून परीक्षेची तयारीच मागू लागल्या. असा तास म्हणजे शिकवणी. तिथे स्मरणचित्राचे, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्राचे, ठरावीक साचे पाठ होतात.

एका भेटीत चित्र होते, शिक्षण होत नाही. म्हणून जाणकार आखणी किमान तीन भेटींची असते: निरीक्षण व रेखाटन, मग रंग, मग माती. 22×30 इंची ड्रॉइंग पेपरचे चार भाग केले की 30 मुलांना 8 पूर्ण कागद पुरतात आणि दोन तुकडे उरतात. वहीचा पातळ कागद वापरला तर पोस्टर कलर लागताच तो आक्रसतो आणि मूल हिरमुसते. रंगांच्या बारा बाटल्या नेण्यापेक्षा लाल, पिवळा, निळा, पांढरा आणि काळा एवढेच न्यावेत. बाकीचे रंग मुलांनीच मिसळून काढायचे. पाच जणांच्या गटाला पाण्याची दोन भांडी हवीत. एकाच भांड्यात ब्रश बुचकळला की अर्ध्या तासात सगळे रंग मळकट होतात.

मातीला सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो. दरडोई अर्धा किलो, म्हणजे 30 मुलांना 15 किलो. भिंत साधारण एक सेंटीमीटर जाडीची ठेवावी. जाड गोळा बाहेरून आधी वाळतो, आत ओला राहतो आणि तडकतो. कान, शेपूट, कडी जोडताना दोन्ही बाजूंना ओरखडे काढून मध्ये पातळ कालवलेली माती लावली नाही, तर वाळताना ते भाग गळून पडतात. वस्तू पहिले दोन दिवस प्लास्टिकखाली आणि नंतर सावलीत ठेवाव्या लागतात. पावसाळ्यात वाळायला आठवड्याहून अधिक वेळ लागतो. तोवर पथक पुढच्या गावी गेलेले असते. म्हणून वर्ग सुरू असताना वर्गशिक्षक हजेरीपत्रके भरत बसला तर पुढचे काम बिघडते. प्लास्टिक कधी काढायचे, वस्तू कधी उलटायच्या हे त्यालाच पाहायचे असते, आणि त्यासाठी त्यानेही मुलांबरोबर एक वस्तू घडवलेली असावी लागते.